बालाघाटचे आकाश कागदावर किती काळे असावे?

कृष्णधवल फिल्मवर टिपलेल्या भूदृश्याची डार्करूममध्ये छपाई करताना जमिनीपेक्षा आकाश अधिक अडचणीचे ठरते. निगेटिव्हवर, म्हणजे उलट छटा असलेल्या मूळ फिल्मवर, आकाशाचा भाग चांदीच्या कणांनी इतका दाट भरलेला असतो की जमीन नीट उमटण्यास पुरेसा असणारा प्रकाश त्यातून खालच्या कागदापर्यंत फारसा पोहोचत नाही आणि चित्रात डोंगररेषेच्या वर कोरा पांढरा पट्टा उरतो. तो पट्टा तसाच राहू द्यावा, की जमिनीवर पुठ्ठ्याची सावली धरून आकाशाला जादा सेकंद द्यावेत, हे छपाई करणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. आणि ज्या प्रदेशात आकाशाकडे पाहण्याची सवय पेरणीशी बांधलेली आहे, तेथे हा निर्णय केवळ सौंदर्याचा राहत नाही.

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे अशा प्रदेशातले गाव आहे. बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आणि भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे गाव पर्जन्यछायेत येते, म्हणजे सह्याद्रीने अडवून घेतल्यावर जे बाष्प पुढे सरकते त्यावरच त्याचा पावसाळा अवलंबून असतो. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांना विभागणारी ही डोंगररांग लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टची असल्याने तिचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि माथ्यावरची जमीन बहुतांशी उथळ व मुरमाड आहे.

पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील एक पक्ष बीड शहरात दीर्घकाळ स्टुडिओ चालवून आता निवृत्त झालेल्या आणि स्वतःची डार्करूम मात्र न मोडलेल्या मुद्रणकाराचा आहे, तर दुसरा त्याच भागात भूगोल शिकवणाऱ्या अध्यापकाचा; वयाच्या अंतरामुळे अध्यापक त्यांना ‘काका’ म्हणतात आणि मुद्रणकार अध्यापकांना रीतीप्रमाणे ‘सर’ म्हणतात. वादाला निमित्त म्हणून एक निगेटिव्ह गृहीत धरले आहे: आषाढातली दुपार, लिंबागणेशच्या बाजूची एक पायऱ्यांची टेकडी, तिच्या पायथ्याशी पेरून ठेवलेली बाजरीची रानं, एक लिंबाचे झाड आणि वर पांढुरके, चमकदार, झपाट्याने पूर्वेकडे सरकणारे ढग.

अध्यापक : काका, भूदृश्याचे छायाचित्र ही भूगोलाच्या दृष्टीने नोंद असते, उताराची चढण, मातीची जाडी, झाडोऱ्याची दाटी जशी त्यातून वाचता येते, तसे आकाशही वाचले जाते. त्या दुपारचे ढग पातळ होते, हे निगेटिव्हच सांगते, आणि तरीही तुमच्या प्रतीत ते काळेभोर झाले आहेत. ज्याने ती दुपार पाहिली नाही, त्याची समजूत अशी होईल की त्यानंतर तासाभरात ओढे भरून वाहिले असतील.

मुद्रणकार : सर, त्या दुपारचा खरा करडा रंग कोणता, हे निगेटिव्हवर कोठेच लिहिलेले नसते. उन्हातल्या ढगाची लख्ख कड आणि लिंबाखालची सावली यांच्या उजेडात हजारास एक एवढा फरक सहज पडतो, आणि चांगल्या चकचकीत कागदाच्या सर्वांत पांढऱ्या व सर्वांत काळ्या छटेतला फरक साधारण सव्वाशेस एक एवढाच असतो. एवढे मोठे अंतर एवढ्याशा जागेत बसवायचे म्हणजे काहीतरी दाबावे लागणारच. आकाश कोरे सोडले, तर ढग दाबले जातात, आणि ढग राखले, तर कोणीतरी म्हणतो की आकाश काळे केले. कोरा पट्टा हाही हातानेच घेतलेला निर्णय आहे, फक्त त्याला कोणी निर्णय म्हणत नाही.

मुद्रणकारांचे हे म्हणणे समजण्यासाठी छपाईची क्रिया थोडक्यात पाहावी लागते. एन्लार्जर नावाच्या यंत्रात दिव्याखाली निगेटिव्ह ठेवले जाते आणि भिंगातून त्याची मोठी प्रतिमा खालच्या संवेदनशील कागदावर काही सेकंद पाडली जाते. कागदावरील सिल्व्हर हॅलाइडचे कण जेथे उजेड पडला तेथे डेव्हलपरच्या द्रावणात काळ्या चांदीत बदलतात, आणि न बदललेले कण हायपो किंवा तत्सम फिक्सरने विरघळवून काढून टाकले जातात. किती सेकंद द्यावेत हे ठरवण्यासाठी प्रथम कागदाची पट्टी टप्प्याटप्प्याने उघडी करून टेस्ट स्ट्रिप काढतात. कागदाची ‘ग्रेड’ म्हणजे छटांमधील ताण होय: शून्य ग्रेडवर चित्र मऊ, करड्या छटांनी भरलेले येते, तर पाच ग्रेडवर मधले करडे जवळजवळ नाहीसे होऊन काळे आणि पांढरे एवढेच उरते. मल्टिग्रेड कागदावर ही ग्रेड गाळणीच्या रंगाने बदलता येते, कारण त्याचा लेप निळ्या प्रकाशाला कडक आणि हिरव्या प्रकाशाला मऊ प्रतिसाद देतो. छपाई सुरू असताना एखाद्या भागावर सावली धरून तो उजळ ठेवण्यास डॉजिंग आणि एखाद्या भागाला जादा उजेड देऊन तो गडद करण्यास बर्निंग म्हणतात. यांपैकी कोणतीही पायरी निवडीशिवाय पार पडत नाही, आणि म्हणून ‘काहीही न करता काढलेली प्रत’ ही कल्पना डार्करूममध्ये टिकत नाही, हे मान्य करावे लागते.

अध्यापकांनाही ते मान्य आहे. मात्र निवड अटळ आहे म्हणून सर्व निवडी सारख्याच प्रामाणिक ठरतात, हे त्यांना मान्य नाही. बीड जेव्हा निजामाच्या राज्यात होते, तेव्हा राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारने काढलेल्या मदतकामांची छायाचित्रे त्यांच्या नावावर आहेत. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असत, त्यामुळे निळे आकाश त्यांवर वाजवीपेक्षा फार जास्त उमटे आणि कागदावर कोरे राही. अध्यापकांचा मुद्दा असा की हा कोरेपणा रसायनाची मर्यादा होता, तरी तो खोटे बोलत नव्हता. पाहणाऱ्याला तेथे आकाशाविषयी काहीच सांगितले जात नाही, एवढेच.

मुद्रणकार : काहीच न सांगणे प्रत्येकाला सोसले नाही, सर. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राची जी छायाचित्रे केली, त्यांतील काहींत समुद्र एका निगेटिव्हवरचा आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवरचे आहेत. म्हणजे आकाशाला हात लावण्याची ही खोड छायाचित्रणाच्या जवळजवळ जन्मापासूनची आहे. आणि अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे १९४१चे चित्र घेतले, तर एकाच निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रतींत आकाश फिकट, ढगांचे पट्टे दिसणारे आहे आणि पुढच्या दशकांतील प्रतींत ते जवळजवळ काळे आहे. अ‍ॅडम्स मूळचे पियानोवादक, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रत म्हणजे वादन, असे ते समजावत. आपल्याकडे बंदिश आणि गायकी म्हटले की झाले. बंदिश तीच असते, पण ती रोज सारखी गायली जात नाही, आणि गायली जाऊही नये.

या तुलनेला उत्तर देताना अध्यापक संगीताकडे वळत नाहीत, हे बरेच झाले, कारण बंदिशीला बाहेरच्या जगातील कोणत्याही दुपारशी इमान राखायचे नसते आणि तुलना नेमकी तेथेच लंगडी पडते. ते हवेकडे वळतात. अ‍ॅडम्स यांची बरीचशी कीर्ती सिएरा नेवाडाच्या उंच, कोरड्या, स्वच्छ हवेतील दृश्यांवर उभी आहे, जेथे आकाश मुळातच गडद निळे असते आणि भिंगापुढे लाल गाळणी लावली की निळा प्रकाश अडून ते फिल्मवर आपोआप काळवंडते. लाल गाळणीसाठी आठपट उजेड द्यावा लागतो, पण परिणाम तेवढाच जबर मिळतो. बालाघाटावर वैशाखात जी पांढुरकी झाक असते, ती बरीचशी धुळीची असते. धुळीचे मोठे कण सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून लाल गाळणीने तेथे फारसे काही साधत नाही आणि काळे आकाश हवे असेल तर ते डार्करूममध्येच तयार करावे लागते.

अध्यापक : म्हणजे काका, कॅलिफोर्नियात जे आकाश हवेनेच अर्धे तयार करून दिलेले असते, ते येथे संपूर्ण पुठ्ठ्याने तयार होते. त्या प्रदेशाची हवा या प्रदेशाच्या टेकडीवर आणून बसवली, तर चित्र देखणे होते, पण ते लिंबागणेशचे उरत नाही.

मुद्रणकार : वैशाखाच्या बाबतीत हे मान्य, पण वादातले निगेटिव्ह आषाढाचे आहे. आषाढात या पठारावर ढग येत नाहीत, असे कोण म्हणेल? ते येतात, दाटतात, दिवसभर सावली धरतात आणि न बरसता पुढे जातात. पर्जन्यछायेतला पावसाळा असाच असतो, हे तर सरच वर्गात शिकवतात. काळा ढग म्हणजे पाऊस, हे समीकरण कोकणातले आहे. येथल्या माणसाने तीच प्रत पाहिली, तर त्याच्या मनात पहिला विचार ‘आला’ असा येणार नाही, ‘हाही गेला’ असा येईल. जो ढग थांबत नाही, त्याचे वजन कागदावर आले नाही, तर त्याच्या जाण्याचे दुःख कसे येणार?

संपूर्ण वादात मुद्रणकारांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे, आणि त्याने प्रश्नाची जागाच बदलते, कारण आता आकाश किती काळे होते यापेक्षा ते कोण वाचणार आहे, हे महत्त्वाचे ठरते. अध्यापक त्यावर थोडे अडखळतात, पण माघार घेत नाहीत: बीडचा वाचक ढग योग्य वाचेल हे खरे असले, तरी प्रत लागते ती मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात, आणि तेथला पाहणारा ती आपल्या पावसाच्या सवयीनेच वाचतो. शिवाय छटांचा ताण वाढवून प्रदेशाविषयी गैरसमज पसरवण्याचे त्याहून मोठे उदाहरण त्यांच्याकडे आहे, ते म्हणजे भेगाळलेल्या जमिनीचे. गोदावरीकाठच्या खोल काळ्या मातीत ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकणखनिजे भरपूर असतात, म्हणून तिला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, अगदी उत्तम पाऊस झालेल्या वर्षानंतरच्या एप्रिलमध्येही पडतात. तीच भेग पाच ग्रेडच्या कागदावर शाईसारखी काळी छापली की ती दुष्काळाचा पुरावा म्हणून फिरू लागते. उलट लिंबागणेशसारख्या माथ्यावरील मुरमाड जमिनीत खऱ्या दुष्काळातही तशा देखण्या भेगा पडत नाहीत. तेथे दुष्काळ दिसतो तो तळ गाठलेल्या विहिरीत, वितीएवढ्या वाढून करपलेल्या ज्वारीत, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कुलूपबंद दारांत.

मुद्रणकार : आणि यातले काहीही पाच ग्रेडवर दिसत नाही, हेही सांगून टाका, सर. मुरूम, वाळका कडबा, ज्वारीची धसकटे आणि मातीची भिंत या सगळ्यांच्या छटा एकमेकींना खेटून, करड्याच्या मधल्या भागात असतात. ग्रेड फार कडक केली की त्यांतल्या काही काळ्यात आणि काही पांढऱ्यात बुडून जातात. दोन किंवा अडीच ग्रेडवर, डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवून, घाई न करता काढलेल्या प्रतीतच धसकट आणि मुरूम वेगळे ओळखू येतात. पण ओली प्रत जास्त चमकते आणि वाळली की थोडी काळवंडते, म्हणून ओल्या प्रतीवर भाळून ग्रेड ठरवणारा येथे हमखास फसतो.

येथे दोन्ही पक्ष क्षणभर एका बाजूला येतात. जमिनीपुरते तरी या प्रदेशाला मऊ छपाई मानवते, आणि आकाशातील नाट्याची ओढ जमिनीवर उतरली की जमिनीचाच तपशील हरवतो, हे निरीक्षण दोघांचेही आहे. भूदृश्याच्या छपाईवरील पुस्तकांत गडद काळ्याचे जेवढे कौतुक आढळते, तेवढे मधल्या करड्याचे आढळत नाही, ही त्या पुस्तकांची उणीव मानावी लागेल.

एकमत फार काळ टिकत नाही, कारण अध्यापक पुढे पाण्याचा विषय काढतात. कागदी पायाच्या, म्हणजे फायबर जातीच्या कागदाच्या धाग्यांत फिक्सर मुरून बसते आणि ते पुरते धुऊन काढले नाही, तर काही वर्षांत उरलेल्या हायपोमुळे चांदीचे सल्फाइड होऊन प्रत पिवळी-तपकिरी पडते. म्हणून जुन्या रीतीत ती वाहत्या पाण्यात तासभर धुतात. नळ मिनिटाला पाच लिटरने सोडला, तर त्या तासात तीनशे लिटर पाणी जाते, आणि जलजीवन मिशनचा ग्रामीण मापदंड माणशी दिवसाला ५५ लिटरांचा आहे. पाण्याच्या दुर्भिक्षाचे चित्र टिकाऊ व्हावे यासाठी पाच माणसांचे दिवसाचे पाणी गटारात सोडणे, हे अध्यापकांच्या मते कोणत्याही सौंदर्यशास्त्रात बसत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, याची आठवणही ते करून देतात.

मुद्रणकार : तासभर नळ सोडणारा मुद्रक या भागात टिकलाच नसता, सर. धुण्याचे काम पाण्याच्या जोराने होत नाही. कागदातले फिक्सर आणि बाहेरचे पाणी यांच्या दाटपणातील फरकामुळे ते बाहेर पाझरते, म्हणून ट्रेमधले पाणी साचलेले असले तरी चालते, फक्त ते ठरावीक वेळाने बदलावे लागते. मधल्या पायरीत सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणात प्रत दहा मिनिटे ठेवली, की फिक्सर कितीतरी लवकर सुटते. समुद्राच्या पाण्याने प्रती लवकर धुतल्या जातात, या जुन्या अनुभवातूनच ही युक्ती निघाली. फिल्मसाठी तर इल्फर्डचीच पद्धत आहे: टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करायची, पाणी टाकायचे, पुन्हा भरून दहा वेळा, आणि पुन्हा भरून वीस वेळा. तीनशे मिलिलिटरच्या टाकीत एक रीळ एका लिटरहून कमी पाण्यात धुऊन होते. आणि फार ओढाताण असेल, तर पॉलिथिनचा लेप असलेला आरसी कागद वापरावा, तो दोन मिनिटांत धुतला जातो. त्याला हात लावताना फायबरचा भारदस्तपणा जाणवत नाही एवढेच.

अध्यापकांची एक शंका तरीही उरते, ती वापरलेल्या फिक्सरविषयी. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ते शोषखड्ड्यात ओतले, तर बेसाल्टच्या भेगांतून ते कोणाच्या विहिरीकडे जाईल हे सांगता येत नाही. मुद्रणकारांचे उत्तर असे की फिक्सर डब्यात साठवून त्यात लोखंडी किसाचा, म्हणजे भांडी घासायच्या स्टील वूलचा गोळा सोडला, की लोखंड विरघळते आणि चांदी गाळासारखी खाली बसते; उरलेले द्रावणही उघड्यावर न ओतता घातक कचरा म्हणूनच द्यावे. ग्रामीण भागात असा कचरा स्वीकारणारी सोय कोठे आहे, या अध्यापकांच्या पुढच्या प्रश्नाला मुद्रणकार उत्तर देत नाहीत, आणि डार्करूमच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण तेथे गप्पच होतात.

उन्हाळा आणि वीज यांचा उल्लेख ओघात होऊन जातो. डेव्हलपर २० अंश सेल्सियसला वापरण्याचा संकेत आहे आणि बीडचा मे चाळिशी ओलांडतो, म्हणून काम रात्री, माठातल्या पाण्याने किंवा पिशवीतल्या बर्फाने ट्रे थंड ठेवून करावे लागते. विजेचा दाब पाच टक्क्यांनी उतरला, तर साध्या दिव्याचा उजेड सुमारे सोळा टक्क्यांनी घटतो, शिवाय तो पिवळसर होऊन मल्टिग्रेड कागदाची ग्रेडही मऊ करतो. स्टॅबिलायझर नसेल, तर सायंकाळी ठरवलेले सेकंद मध्यरात्री लागू पडत नाहीत. ज्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा कागद मिळत असे, तेव्हा फुकट गेलेल्या चार कागदांचे दुःख कमी होते. आता कागद परदेशातून येतो आणि प्रत्येक टेस्ट स्ट्रिप मोजून कापली जाते.

अखेर दोघेही पुन्हा त्या आषाढी ढगांपाशी येतात. अध्यापकांची मागणी आता आकाश फिके करण्याची राहिलेली नाही. ती अशी की आकाशाचे काय केले, हे प्रतीबरोबरच नोंदले जावे. मुद्रक स्वतःसाठी एक आराखडा काढतोच, त्यात डोंगररेषेच्या वर ‘अधिक पंधरा सेकंद’, लिंबाखाली ‘उणे चार’ अशा खुणा असतात. न्यूयॉर्कमध्ये मॅग्नम संस्थेसाठी छपाई करणारे पाब्लो इनिरियो यांनी खुणा केलेल्या अशा प्रती जगभर कौतुकाने पाहिल्या जातात. मग तोच आराखडा प्रत्येक प्रतीच्या मागे असावा, आणि त्याखाली तारीख, वेळ, गाळणी आणि त्या दिवशी जवळच्या पर्जन्यमापकावर नोंदलेला पाऊसही असावा, असा अध्यापकांचा आग्रह आहे.

मुद्रणकार : आराखडा, तारीख, गाळणी, सगळे मान्य, मऊ पेन्सिलीने, कडेच्या पांढऱ्या पट्टीमागे लिहिलेले असावे, कारण बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. पावसाचा आकडा मात्र नको. त्या जागी शून्य लिहिले, तर पाहणारा ढगाकडे बघणारच नाही, शून्यच बघेल.

अध्यापक : शून्य असेल तर शून्यच लिहावे लागेल, काका. आणि भिंतीवर टांगलेल्या प्रतीची मागची बाजू कोणी पाहत नाही, म्हणून तो आकडा पुढे, चित्राखाली असावा.

आकडा मागच्या बाजूला लिहिण्यापर्यंत मुद्रणकार हळूहळू येतात. चित्राखाली लिहिण्यास मात्र ते शेवटपर्यंत नकार देतात.